जुनी कॅम्पर आणि आल्प्सचा घाट

प्रश्न : आम्ही चौघे मित्र म्युनिकमध्ये नोकरीस आहोत. 1971 सालची फोक्सवॅगन कॅम्पर घेऊन जुलैत स्टेल्व्हिओ घाट चढण्याचा मनसुबा आहे. गाडी झेपेल का?

उत्तर : झेपेल, मात्र चिंता चढणीपेक्षा उतरणीची अधिक करावी. 2,757 मीटर उंचीवरील विरळ हवेत आपल्या सोळाशे सीसी इंजिनाची सुमारे पाव शक्ती लोपेल, आणि प्राद गावाकडील 48 हेअरपिन वळणे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच कापावी लागतील. एखाद्या सायकलस्वाराने पुढे जाण्याची मुभा मागितली, तर ती खुशाल द्यावी. या इंजिनास रेडिएटर नाही. ते थंड राखण्याची सारी भिस्त जनित्राच्या आसावरील पंख्यावर आणि तो फिरविणाऱ्या एकाच रबरी पट्ट्यावर असल्यामुळे, पट्टा तुटताच डॅशबोर्डवर जो तांबडा दिवा लागतो, तो केवळ बॅटरीची तक्रार समजून गाडी पुढे रेटणाऱ्यांवर इंजिन गमावण्याची पाळी येते. दिवा दिसताच थांबावे. जादा पट्टा, 21 मिलिमीटरचा पाना व पेचकस हाताशी असावा.

उतरताना दुसऱ्या गिअरचाच आधार घ्यावा; ब्रेक सतत दाबून ठेवल्यास, जुन्या ब्रेक ऑइलात मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पेडल थेट तळाला जाते, म्हणून ते ऑइल निघण्यापूर्वीच बदलण्याची तजवीज करावी. माथ्यापलीकडे बोर्मिओच्या दिशेने थोडे उतरल्यावर उजवीकडे फुटणारा उंब्राइल खिंडीचा रस्ता मला अधिक पसंत आहे. तो स्वित्झर्लंडात उतरतो, तेव्हा पारपत्रे व गाडीचे दस्तऐवज जवळ बाळगावेत.