फेरफार आपोआप होतो तो किती?

गेल्या महिन्यांत जांब समर्थ (तालुका घनसावंगी, जिल्हा जालना) येथें आमची बैठक भरली असतां एका सभासद गृहस्थांनीं प्रश्न केला : “खरेदीखत झालें कीं संगणक आपोआप फेरफार धरतो, असें सर्व जण म्हणतात. मग आमचे वडील वारून दोन वर्षें लोटलीं, तरी सातबाऱ्यावर त्यांचेंच नांव कसें? पीककर्जाला गेलों तर रिकाम्या हातीं परत आलों.” प्रश्न रास्त होता, व त्याचें उत्तर बैठकींत दोन वाक्यांत देणें आम्हांस साधलें नाहीं. म्हणून तें येथें सविस्तर देतों.

प्रथम नोंदी कशा ठेवल्या जातात तें पाहूं. संगणकांतील ज्या दप्तरास रिलेशनल डेटाबेस म्हणतात, त्यांत सर्व माहिती कोष्टकांत असते आणि एक कोष्टक दुसऱ्याशीं सामाईक खुणेनें बांधलेलें असतें. ही रचना एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं मांडली. परंतु आपल्या तलाठ्याच्या दप्तरास अशी बांधणी परकी नव्हती. गांव नमुना आठ-अ वरील गट क्रमांक धरून सातवर जावें, सातवरील फेरफार क्रमांक धरून नमुना सहावर जावें, हा रस्ता आपणांपैकीं पुष्कळांच्या पायांखालचा आहे.

आतां अशा दप्तरास एक कायमची आज्ञा देऊन ठेवतां येते. अमुक कोष्टकांत अमुक घडलें, आणि अमुक अट पुरी असली, तर अमुक करावें. ही आज्ञा एकदां लिहिली म्हणजे पुन्हां कोणी सांगावी लागत नाहीं. तिला ट्रिगर, म्हणजे बंदुकीचा चाप, असें नांव आहे. डेटाबेसशीं बोलण्याच्या एसक्यूएल भाषेच्या १९९९ सालच्या प्रमाणांत तिचा समावेश झाला. चाप ओढणाऱ्या घटना तीन : नवी ओळ पडणें, असलेली ओळ बदलणें, ओळ काढली जाणें. आज्ञा घटनेच्या आधीं चालावी कीं नंतर, हेंही ठरवावें लागतें. विकणाऱ्याच्या नांवावर एक हेक्टर असतां दीड हेक्टर विकल्याची ओळ येऊं लागली, तर ती आधींच अडविली पाहिजे. जोडीची दुसरी नोंद करावयाची असेल, तर ती मूळ ओळ पडल्यानंतर करावी. आज्ञेचें काम मध्येंच फसलें, तर सामान्यतः मूळ नोंदही मागें घेतली जाते, म्हणजे अर्धवट हिशेब राहत नाहीं.

हें आम्ही पुस्तकी सांगत नाहीं. त्याचा चटका आम्हांस बसला आहे. आमच्या बियाण्याच्या साठ्यासाठीं आम्हीं दोन कोष्टकें केलीं, एक साठ्याचें व एक वाटपाचें, आणि आज्ञा लिहविली कीं, वाटपाची नवी ओळ पडतांच त्या वाणाच्या साठ्यांतून तितक्या पिशव्या वजा कराव्यात. आमचे कारकून जुन्या वळणाचे. ते वाटप लिहून झाल्यावर संवयीनें साठाही हातानें कमी करीत. सोयाबीनच्या चाळीस पिशव्या गेल्या आणि दप्तरांत ऐंशी घटल्या! पुढें एका सभासदाच्या नांवावर चुकून पडलेल्या पांच पिशव्या दुरुस्त करून तीन केल्या, तेव्हां उरलेल्या दोन साठ्यांत परत आल्या नाहींत. कारण उघड होतें. आज्ञा नव्या ओळीसाठीं होती, बदललेल्या ओळीविषयीं आम्हीं कांहींच सांगितलें नव्हतें. जें सांगितलें नाहीं, तें यंत्र समजुतीनें करीत नाहीं.

जमिनीच्या नोंदींतही हेंच तत्त्व आहे, फक्त तेथें मध्यें माणूस बसविला आहे. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलें गेलें म्हणजे त्याची खबर महसूल दप्तरास जावी, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ मध्यें आहे. पूर्वी ही खबर कागदानें जाई व कागदाच्या चालीनेंच पोंचे. ई-फेरफार प्रणालींत ती संगणकावरून जाते व फेरफाराची नोंद तेथून सुरू होते. सुरू होते, हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. नोंद पडली तरी सातबारा बदलत नाहीं. हितसंबंधितांस नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठीं जातात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहींत, म्हणजे नमुना सहा-अ मध्यें, जाऊन चौकशी होते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात, आणि मगच सातवर नवें नांव चढतें. कित्येकांस हा विलंब खटकतो. आम्हांस तो योग्य वाटतो. दस्त नोंदला गेला एवढ्यानें विकणाऱ्याचा हक्क सिद्ध होत नाहीं, व भावाच्या वांट्यासह विकलेल्या जमिनीचा चाप मध्यें कोणी न अडवितां सुटला, तर त्या भावानें जावें कोठें?

आतां मूळ प्रश्न. वडील वारले, ही घटना फेरफाराच्या दप्तरांत पडतच नाहीं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतींत होते. ती झाल्यानें सातबाऱ्याचा चाप ओढला जात नाहीं. वारसांनीं स्वतः खबर द्यावी लागते, व संहितेच्या कलम १४९ प्रमाणें ती हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालींतून करितां येतो. सोबत मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची शपथेवरील यादी लागते. राज्यांत अशा नोंदी इतक्या तुंबल्या होत्या कीं, शासनास १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम हातीं घ्यावी लागली.

बैठक संपल्यावर त्या गृहस्थांचा अर्ज आम्हीं तेथेंच बसून लिहिला. वारसांच्या यादींत त्यांनीं आई, आपण व धाकटा बंधु अशीं तीन नांवें सांगितलीं. बहीण नाहीं काय, असें विचारतां म्हणाले, “आहे, परतूरला दिली आहे.” हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलगी मुलाबरोबरीची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतही तिला जन्मतः तोच हक्क दिला आहे. यादींत नसलेलें नांव यंत्र विचारीत नाहीं. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग त्यांनींच बहिणीचें नांव व पत्ता सांगितला. अर्ज चार नांवांनीं दाखल झाला असून नोटिशीची मुदत चालू आहे.