उरलेल्या मेणातून नवी मेणबत्ती

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. येथल्या कारागिराला मोडीच्या पितळेची किंमत सांगावी लागत नाही. तुटकी भांडी तोलली जातात, वितळतात आणि पुन्हा बाजारात येतात. मेणाचेही तसेच आहे. मेणबत्ती जळून संपली तरी बुडाशी आणि बशीत मेण उरते. ते आपण केरात टाकतो. थोडी काळजी घेतल्यास त्यातून घरच्या घरी नव्या मेणबत्त्या होतात.

बाजारातील बहुतेक मेणबत्त्या पॅराफिन मेणाच्या असतात. हे मेण खनिज तेलापासून मिळते आणि साधारणपणे ५० ते ६५ अंश सेल्सियसला वितळते. ते वितळवायला उकळते पाणी पुरेसे आहे.

प्रथम तुकडे पूर्ण कोरडे करा. काजळी खरवडा, जुन्या वाती व काडेपेटीच्या काड्या काढून टाका. पांढरे व रंगीत मेण वेगळे ठेवा. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचा लहान डबा ठेवा. मेणाचा डबा थेट शेगडीवर कधीही ठेवू नये. मेण फार तापले तर त्याची वाफ पेट घेते. आग लागल्यास पाणी मुळीच टाकू नये, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण घालावे. मुलांना दूर ठेवावे.

वितळलेले मेण सुती कापडातून गाळा. वात सुती व विणलेली हवी, नायलॉनची नको. ती आधी पातळ मेणात बुडवून सरळ वाळवा. साच्याला आतून तेलाचा हात लावून वात मधोमध ताणून बांधा व मेण ओता. थंड होताना मेण आकसते आणि मध्ये खड्डा पडतो. तो थोडे मेण पुन्हा ओतून भरा. वात जाड झाली तर धूर होतो, बारीक झाली तर ज्योत मेणात बुडते. म्हणून आधी एकच मेणबत्ती करून जाळून पाहा. उरलेले मेण मोरीत ओतू नका, नळी तुंबते.

आता हिशेब. समजा एक किलो तुकड्यांतून ९०० ग्रॅम स्वच्छ मेण निघाले, तर ५० ग्रॅमच्या १८ मेणबत्त्या होतील. त्यातून वात, गॅस व आपली मजुरी वजा करा. घरच्या मेणातून घरखर्च वाचेल, पण धंदा उभा राहणार नाही. त्यासाठी सभागृहे व उपाहारगृहांकडून नियमित तुकडे मिळाले पाहिजेत. विकताना मेण पुन्हा वापरलेले आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. एकदा विश्वास गेला की धंद्यातली बरकतही जाते.

मेणबत्ती करायची नसेल तरी हे मेण कारागिराच्या कामी येते. शिंप्याने बटणाच्या दोऱ्याला लावले तर दोरा गुंतत नाही. सुताराने स्क्रूला लावले तर तो लाकडात सहज शिरतो. टेबलाचा अडकणारा खणही त्याने सरकू लागतो.

महाबळेश्वरचे दृष्टिहीन उद्योजक भावेश भाटिया यांनी मुंबईत अंधांच्या संस्थेत मेणबत्तीचे काम शिकून हातगाडीवर विक्री सुरू केली. पुढे त्यांनी अनेक दृष्टिहीनांना या कामात रोजगार दिला. या उद्योगाला मोठे यंत्र लागत नाही. शिस्त, सावधपणा आणि चोख हिशेब मात्र लागतो.