मृत्यू झालेले घर विकत घ्यावे काय?

बऱ्याच महिन्यांच्या शोधानंतर तुम्हाला एक घर पसंत पडते. मुलांची शाळा जवळ आहे, उपासनेला पायी जाता येते, सकाळचे ऊन थेट स्वयंपाकघरात येते आणि किंमतही आटोक्यातली आहे. विसार देण्याचा दिवस ठरतो. इतक्यात शेजारची एक बाई हळू आवाजात सांगते, “मागच्या वर्षी मालक इथेच गेले, आतल्या खोलीत.” त्या रात्री तुमच्या पत्नीला जेवण जात नाही. तुमची आई निक्षून सांगते, “त्या घरात पाऊल टाकायचे नाही.” अशा वेळी तुम्ही काय कराल?

काही जण हा प्रश्न हसण्यावारी नेतात, तर काही जण घाबरून लगेच माघार घेतात. यांपैकी कोणताही मार्ग सुज्ञपणाचा नाही. घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची कमाई असते. यास्तव भयाच्या भरात किंवा स्वस्ताईच्या मोहात नव्हे, तर शांतपणे आणि प्रार्थनापूर्वक निर्णय घेणे अगत्याचे आहे.

घरातील मृत्यू ही नवलाची गोष्ट आहे काय?

आज शहरांत पुष्कळ माणसांचा शेवट इस्पितळात होतो. म्हणून घरातील मृत्यू आपल्याला विपरीत वाटू लागला आहे. पण आपल्या आजी-आजोबांच्या काळी माणूस ज्या घरी जन्मे त्याच घरी, आपल्या माणसांच्या सान्निध्यात, शेवटचा श्वास घेई. दुसऱ्या दिवशी त्याच घरात चूल पेटे आणि पुढे त्याच घरात लग्ने व बारशीही होत. जुन्या वाड्यांत किंवा चाळींत मृत्यू न पाहिलेली खोली शोधू गेल्यास ती क्वचितच सापडेल.

तरीही भय आपल्या भोवताली आहे. वाईट मानलेल्या नक्षत्रावर कोणी वारल्यास घर किंवा खोली काही महिने बंद ठेवण्याची चाल दक्षिण भारतात अनेक ठिकाणी आहे. आपण ज्या समाजात राहतो त्याच्या समजुती नकळत आपल्याही मनात शिरतात. म्हणून स्वतःला विचारा: माझे भय देवाच्या वचनावर आधारलेले आहे, की ऐकीव गोष्टींवर?

पवित्र शास्त्रातून काय दिसते?

मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी स्पष्ट सूचना होती. एखादा मनुष्य तंबूत मरण पावल्यास तो तंबू व त्यातील माणसे सात दिवस अशुद्ध गणली जात. नेमून दिलेल्या पाण्याने तो तंबू, त्यातील पात्रे आणि तेथील माणसे यांच्यावर तिसऱ्या व सातव्या दिवशी शिंपडणी केली जाई. (गणना १९:१४-१९) येथे काय सांगितलेले नाही, याकडे लक्ष द्या. तंबू जाळून टाका, सोडून जा किंवा विकून टाका, अशी आज्ञा नव्हती. शोकाला व शुद्धीला मुदत होती, आणि ती संपल्यावर कुटुंब त्याच तंबूत पुन्हा राहू लागे.

त्याही आधीचे एक हृद्य उदाहरण इसहाकाचे आहे. सारेच्या मृत्यूनंतर त्याने आपली नववधू रिबका हिला कोठे आणले? आपली आई सारा हिच्याच तंबूत. सारा नेमकी त्याच तंबूत वारली असे वचन सांगत नाही. परंतु तो तंबू मृत आईचा होता, आणि तेथेच इसहाकाला सांत्वन लाभले असे आपण वाचतो. (उत्पत्ति २४:६७) त्या ठिकाणी मृत आईची आठवण आणि तरुण जोडप्याचा संसार एकत्र नांदले.

मृत व्यक्ती घरात वावरत राहते काय? सूर्याखाली जे काही घडते त्यात मृतांचा यापुढे वाटा नाही, असे उपदेशक ९:५, ६ मध्ये दाखविले आहे. मृतांना विचारणे, मंत्रतंत्र करणे यांची देवाने आपल्या लोकांना सक्त मनाई केली. (अनुवाद १८:१०-१२) तेव्हा भगताकडून घर बांधून घेणे किंवा उंबऱ्यावर लिंबू-मिरची टांगणे यात ख्रिस्ती मनुष्याला आश्रय नाही. मरणाच्या भयाने जे जन्मभर दास झाले होते त्यांना सोडविण्यास ख्रिस्त आला, ही आपली आशा आहे. (इब्री २:१४, १५)

मग काही विचारूच नये काय?

अवश्य विचारावे. पण योग्य प्रश्न विचारावा. “येथे कोण मेले?” या प्रश्नापेक्षा “त्या मृत्यूमागे येथे काय उरले आहे?” हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तीन गोष्टी मागे उरू शकतात.

पहिली, मृत्यूचे कारण. इस्राएलात नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावयाचा होता. नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येई. (अनुवाद २२:८) खरा धोका असा दिसतो, हाताने दाखविता येतो आणि दुरुस्तही करता येतो. मालक वृद्धापकाळाने किंवा हृदयविकाराने वारले असतील तर घराचा त्यात काही दोष नाही. परंतु विजेच्या धक्क्याने वारले असतील तर जुनी वायरिंग व अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर हवा खेळत नसल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नसतो, आणि त्याने माणूस पाहता पाहता बेशुद्ध पडतो. गच्चीचा कठडा ठेंगणा आहे काय? जिना काळोखी आहे काय? क्षयरोगाने कोणी वारले असेल तर तो रोग आजारी माणसाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो, भिंतींतून नव्हे, हे ध्यानात ठेवा. घर काही दिवस उघडे ठेवून ऊन-वारा येऊ द्या, स्वच्छ धुऊन चुना किंवा रंग द्या, एवढे पुरे.

दुसरी, कोणाचा तरी हक्क. मालकाच्या मृत्यूनंतर घर विकणारा एकटाच वारस आहे काय? मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पुरुषाची मालमत्ता १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार विभागली जाते. पत्नी व मुले मागे असल्यास एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळते. त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो. हिंदू कुटुंबांस १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे, तर गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे. सोसायटीच्या कागदावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे तो तेवढ्यानेच घराचा धनी होत नाही. सासरी गेलेल्या बहिणीची सही आहे काय? वारसांपैकी कोणी १८ वर्षांखालील असल्यास न्यायालयाची परवानगी घेतली आहे काय? वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातील मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊनच पुढे जा. मृत्यू संशयास्पद असेल तर पोलिसांचा तपास किंवा न्यायालयातील दावा बाकी नाही, याचीही खात्री करा. नाबोथाच्या मृत्यूनंतर अहाबाने त्याचा द्राक्षमळा घेतला, तेव्हा देवाने त्याला जाब विचारला. (१ राजे २१:१७-१९) तेथे दोष जमिनीचा नव्हता, अन्यायाचा होता.

तिसरी, भय आणि लोकापवाद. घराला नाव पडले की ते लवकर पुसले जात नाही. यहूदाच्या पैशांनी घेतलेल्या शेताला लोक रक्ताचे शेत म्हणू लागले. (मत्तय २७:६-८) खून किंवा आत्महत्या झालेले घर तुम्हाला पुढे विकावे लागले, तर गिऱ्हाईक मिळणे कठीण जाईल. हे व्यवहारातले सत्य आहे, आणि त्याचा हिशेब आधीच करणे शहाणपणाचे आहे.

विक्रेत्याने सांगावयास नको काय?

देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तीन वर्षांपूर्वीचा मृत्यू आपण होऊन सांगण्याचे बंधन नाही. मात्र कोणी थेट विचारल्यास खोटे सांगण्याची मुभा नाही. जपान सरकारने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैसर्गिक मृत्यू सहसा सांगावा लागत नाही. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ असे आहे की, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. घरातील मृत्यूचा मात्र त्यात वेगळा उल्लेख नाही. म्हणून तुम्ही स्वतः, विसार देण्यापूर्वी, सभ्यपणे विचारा. आणि उद्या तुम्ही विक्रेते झालात आणि तुम्हाला कोणी विचारले, तर खरे तेच सांगा, मग किंमत थोडी उतरली तरी चालेल.

घरच्यांच्या मनाचा विचार

समजा, वरील सर्व चौकशी झाली आणि तुमचे मन निःशंक आहे. तरी तुमच्या पत्नीचे किंवा आईचे काय? पौलाने करिंथच्या मंडळीला बाजारातील मांसाविषयी काय लिहिले ते आठवा. स्वतःसाठी चौकशी करीत बसण्याची गरज नाही, असे त्याने म्हटले. पण दुसऱ्याच्या विवेकाकरिता ते सोडून देण्यासही तो तयार होता. (१ करिंथकर १०:२५-२९) घरालाही हेच तत्त्व लागू पडते. तुमची श्रद्धा बळकट आहे म्हणून जिचा दिवस त्या आतल्या खोलीत जाणार आहे तिच्यावर ते घर लादू नका. तिला वेडी म्हणू नका. दिवसाउजेडी तिला पुन्हा घर दाखवा, खिडक्या उघडा, एकत्र शास्त्र वाचा, काही दिवस जाऊ द्या. भय मावळले तर आनंदच. न मावळल्यास दुसरे घर शोधणे हा विश्वासाचा पराभव नव्हे. ते प्रीतीचे कृत्य आहे.

किंमत ठरविताना

येथे एक मोहही दडलेला आहे. लोक घाबरतात, म्हणून घर स्वस्तात पदरात पाडून घ्यावे, असे काहींना वाटते. पण समोर बसलेले कोण आहे? पुष्कळदा ती विधवा असते. मुलांच्या फीसाठी किंवा इस्पितळाचे कर्ज फेडण्यासाठी ती घर विकत असते. ज्या भयाला तुम्ही स्वतः खोटे मानता त्याच भयाचा आधार घेऊन तिची किंमत पाडणे योग्य होईल काय? विधवा व पोरके यांना गांजू नये, ही देवाची आज्ञा आहे. (निर्गम २२:२२) पत्नीला मूठमाती देण्यासाठी अब्राहामाने मकपेला येथील शेत व गुहा घेतली, तेव्हा फुकट देऊ केलेले न घेता त्याने ४०० शेकेल रुपे तोलून दिले, तेही वेशीजवळ, साक्षीदारांसमक्ष. (उत्पत्ति २३:१०-१८) पूर्ण मोल आणि उघड व्यवहार, हा आदर्श आजही आपल्यापुढे आहे. दुरुस्तीचा खर्च अवश्य वजा करा. दुःखाचा फायदा घेऊ नका.

आणि ते घर तुम्ही घेतलेच, तर त्या कुटुंबाला किल्ली देण्याआधी घरात अखेरची प्रार्थना करावयाची आहे काय, हे विचारा. आत येताना तुम्हीही प्रार्थना करून या. त्या आतल्या खोलीत एका कुटुंबाने आपल्या माणसाची शेवटची सेवा केली आहे. तेथे आता तुमची मुले अभ्यास करतील. आपल्या मागून दुसरे कोणी तेथे राहावयास येईल, तेव्हा आपणही या घरात थोड्या दिवसांचेच बिऱ्हाडकरू होतो हे त्यालाही कळेल. मृत्यूच्या पलीकडे देवाने आपल्यासाठी जे निवासस्थान राखले आहे, तेच तेवढे कायमचे आहे.

मननासाठी प्रश्न

१. गणना १९ वरून मृत्यू झालेल्या तंबूविषयी काय शिकावयास मिळते?
२. घर घेण्यापूर्वी मागे उरलेल्या कोणत्या तीन गोष्टी तपासाव्यात?
३. घरातील एकाचे मन तयार नसल्यास १ करिंथकर १० मधील तत्त्व कसे लागू करता येईल?
४. विक्रेता शोकात असताना आपला व्यवहार कसा असावा?