टाकीतलं पाणी दुधाळ झालं, म्हणून उपसू नका

"डॉक्टरसाहेब, पाणी रोज बदलवून राहिलो जी, तरी मासे मरूनच राहिले." बैल, शेळ्या, कुत्री घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत आता पिशवीत मेलेला गोल्डफिश घेऊन उभे असणारेही दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. त्यांचा जीव हळहळलेला असतो, बरोबर आलेलं लेकरू रडवेलं झालेलं असतं. मी विचारतो, "फिल्टर कसा धुतला?" उत्तर ठरलेलं: "नळाखाली, चांगला पिळून पिळून." मासे कशानं मेले, ते तिथंच कळतं.

नवी टाकी भरल्यावर दोन-चार दिवसांत पाणी दुधाळ, धुरकट होतं. हा आजार नाही. पाण्यात उरलेले दाणे, माशांची घाण, खड्यांवरचा सेंद्रिय मळ यांवर जगणारे जिवाणू एकदम वाढतात, त्यांचाच तो रंग. खाणं संपलं की ते आपोआप कमी होतात. बहुतेक टाक्या आठवड्या-दोन आठवड्यांत स्वच्छ होतात. घाबरण्याचं कारण नाही.

घाबरायचं ते न दिसणाऱ्या गोष्टीला. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेटचा त्रास त्या मानानं फार कमी. हे कामाचे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. पाणी दुधाळ करणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला एखादा दिवसही लागतो. म्हणून नवी टाकी खऱ्या अर्थानं तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही दर तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून, खडे घासून उन्हात वाळवता आणि स्पंज ब्लीचिंग पावडर घातलेल्या नळाच्या पाण्यात पिळता, तेव्हा विरजणच फेकून देता. मग दही लागणार कसं?

राजूर कॉलरीच्या वसाहतीतलं एक कुटुंब आठवतं. मुलीच्या वाढदिवसाला दोन फुटी टाकी आणली, म्हणजे जेमतेम ५५ लिटर पाणी. त्याच संध्याकाळी त्यात सहा गोल्डफिश सोडले. गोल्डफिश खादाड आणि घाण करणारा मासा, नव्या टाकीत सहा म्हणजे अतिच. पाणी दुधाळ झालं, वडिलांनी सगळं उपसलं. पुन्हा झालं, पुन्हा उपसलं. मग मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत बघून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकली. पाणी पिवळं झालं, वर फेस आला आणि चार मासे गेले. उरलेले दोन वरच्या थरात तोंड काढून हवा गिळत होते, तेव्हा ते कुटुंब माझ्याकडे आलं.

मी औषध दिलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. दाणे बंद करायला सांगितले, हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवायला सांगितला. रोज फक्त चौथा हिस्सा पाणी बदला, तेही शिळं करून ठेवलेलं. आणि ओळखीत कुणाची वर्षभर जुनी, निरोगी माशांची टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा न धुता आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. तसा तुकडा त्यांना मिळाला. दुसऱ्या आठवड्यात पाणी निवळलं. ते दोन मासे जगले.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती नागपूर-पुण्याचे व्हिडिओवाले सांगणार नाहीत. राजूर म्हणजे चुनखडीचा आणि चुनाभट्ट्यांचा गाव. इथली पोरं पांढरी, देखणी खडी गोळा करून टाकीत अंथरतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, पाणी जड होतं, त्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. अमोनियाचा विषारी भाग सामूवर अवलंबून असतो: पाणी २५ अंशांना असताना सामू ७ वरून ८ वर गेला, तर तो भाग सुमारे दसपट होतो. तेवढाच अमोनिया, पण मासा मरतो. म्हणून खड्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहा. बुडबुडे फसफसले तर तो खडा टाकीत नको. भट्टीच्या आसपास घर असेल, तर टाकीवर झाकणही हवं. भुकटी उडून पाण्यात पडते.

तुरटी फिरवू नका. विहिरीच्या गढूळ पाण्यात ती माती खाली बसवते हे खरं, पण टाकीतला धुरकटपणा मातीचा नाही. तुरटीनं सामू घसरतो, ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करतं. मिथिलिन ब्लूसुद्धा उगाच ओतू नका, कामाच्या जिवाणूंना तेही मारतं. अँटिबायोटिकबद्दल तर मला रागच आहे. माणसासाठीची कॅप्सूल अंदाजानं पाण्यात टाकायची, मग ते पाणी नालीत सोडायचं, आणि नालीतल्या जिवाणूंना त्या औषधाला दाद न देण्याची सवय लावायची. हा खेळ बंद करा. दुकानातल्या "जिवाणूंच्या बाटल्या"ही सगळ्याच कामाच्या नसतात. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्याआधी श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात दुकानात पडलेल्या बाटलीत काय जिवंत उरलं असेल?

पाणी कशानं धुरकट आहे, ते आधी ओळखा. भरताक्षणी करडं दिसलं तर खडे नीट धुतलेले नव्हते. हिरवं झालं तर ऊन किंवा दिवा जास्त आहे, टाकी खिडकीपासून हलवा. चहासारखं तांबूस असेल तर लाकडाचा रंग उतरला आहे, त्यानं काही बिघडत नाही. दुधाळपणा दोन आठवड्यांच्या पुढे गेला किंवा कुजका वास आला, तर खड्यांत मेलेला मासा किंवा कुजलेले दाणे शोधा.

आता धोक्याची चिन्हं. मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात, कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसतात, पंख अंगाशी मिटून तळाला बसून राहतात किंवा खड्यांना अंग घासत सैरावैरा पळतात. यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहत बसू नका. २५ ते ३० टक्के पाणी लगेच बदला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट हवं. नळाचं असेल तर एक दिवस हवा सोडून ठेवलेलं किंवा अँटिक्लोरीन घातलेलं हवं. फिल्टरला हात लावू नका. अमोनिया मोजायचा थेंबांचा किट मिळतो, तो घ्या. महागड्या औषधांपेक्षा तो स्वस्त पडतो.

उन्हाळ्यात जास्त जपा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यातच दुधाळ पाण्यातले जिवाणू प्राणवायू खातात आणि नेमकी वीज जाते. बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू द्या. दाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपतील इतकेच. धडधाकट मोठा मासा दोन-चार दिवस उपाशी राहिला तर मरत नाही, पण जास्तीच्या खाण्यानं नव्या टाकीत नक्की मरतो. मुलांना हे समजावून सांगा, दाण्यांचा डबा त्यांच्या हाती देऊ नका.

आणखी एक, माणसांसाठी. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका, नळीनं पाणी काढताना तोंडानं ओढू नका. बोटावर किंवा मनगटावर कित्येक आठवडे बरी न होणारी गाठ आली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि घरी माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगा. टीबीच्या जिवाणूचा एक नातलग टाकीच्या पाण्यात राहतो, आणि त्याच्यावर नेहमीच्या पाच दिवसांच्या गोळ्या चालत नाहीत. तो इलाज पशुवैद्याचा नाही, मेडिकलवाल्याचा तर मुळीच नाही.

माशांचा आजार कळेनासा झाला, तर नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथं विचारा.

टाकी अजून घ्यायची असेल, तर आधी टाकी भरा, फिल्टर लावा, रोज चिमूटभर दाणे टाकत महिनाभर तशीच चालू ठेवा. किटनं मोजल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की दोन मासे आणा, सहा नाही. दुकानदार टाकी आणि मासे एकाच दिवशी देत असेल, तर टाकी घ्या, मासे त्याच्याकडेच राहू द्या.