आकडा लागतो तेव्हाही

चि. बाळू यास,


तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत सट्टापट्टीची, म्हणजे मटक्याची, लगवाडीही वाढते. ‘दहा लावले, नव्वद आले’ हे तुझ्याही कानावर पडेल. तो हिशेब जरा उलटून पाहा. मटक्यात पत्ते काढून शून्य ते नऊपैकी तीन आकडे निघतात आणि त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा धरतात; पहिला निकाल ओपन, दुसरा क्लोज. १-३-८ आले तर बेरीज १२, म्हणून ओपन २. अशा तीन आकड्यांच्या एकूण २२० पट्ट्या आणि प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२. म्हणजे आकडा लागण्याची शक्यता दहात एक, भाव मात्र नऊपट. ओपन-क्लोजची जोडी शंभरात एक, भाव नव्वद. खेळ इमानदारीने झाला तरी शंभरामागे दहा रुपये खायवाडी करणाऱ्याचे, म्हणजे पैसे लावून घेणाऱ्याचे. त्यात जिंकलेले पैसे घरी येत नाहीत, पुन्हा लावले जातात. ओपन झाले की क्लोज, क्लोज झाले की उद्याचे ओपन. असे सात वेळा फिरले की शंभराचे सरासरी अठ्ठेचाळीस उरतात.

जुन्या निकालांचा चार्ट पाहून आकडा काढणारे आहेत, असे तू म्हणशील. पण काल २ आला हे आजच्या पत्त्यांना ठाऊक नसते. लागलेला आकडा गावभर होतो, हुकलेले कोणी सांगत नाही, एवढीच त्या चार्टची करामत. शिवाय खायवाडी करणाऱ्याने पैसे बुडवले तर दाद कुठे मागशील? करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत.

मग राज्य सरकारच लॉटरी चालवते, त्याचे काय? चालवते, १२ एप्रिल १९६९ पासून. १९९८ च्या कायद्याने एकाच आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी आहे. ती मटक्याची वाट अडवणारी आणि योग्यच. पण कायदेशीर म्हणजे फायद्याचे नव्हे. तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, वर विक्रेत्याचे कमिशन, शासनाचा वाटा. उरेल त्यातून बक्षिसे, आणि मोठ्या बक्षिसावर पुन्हा ३० टक्के आयकर. खरे सांगायचे तर भावात मटकाच लॉटरीपेक्षा उदार! तरी घरे बुडवतो मटका, कारण तो रोज दोनदा खेळता येतो आणि गेलेले भरून काढायची संधी लगेच समोर ठेवतो. दहा रुपयांची करमणूक म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: सिनेमा पडला म्हणून तिकिटाचे पैसे वसूल करायला कोणी दुसऱ्या खेळाला बसत नाही.

दिवाळीला राज्य लॉटरीचे एखादे तिकीट घेतलेस तर मी रागावणार नाही. ते पैसे गेलेच असे धरून घे. तेंदूची मजुरी मात्र खात्यातच राहू दे. धानाच्या रोवणीला मजूर लावायचे दिवस लगेच येतात.

तुझा,
मामा