लोईस, रोझा आणि आपल्या घरातील आजी



संपूर्ण नव्या करारात 'आजी' हा शब्द एकदाच येतो. संत पौल तिमथीला दुसरे पत्र लिहितो तेव्हा पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात त्याला तिमथीची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण होते. तुझ्या ठायी जो विश्वास आहे तो आधी या दोघींच्या ठायी होता, असे तो म्हणतो. लोईसविषयी पवित्र शास्त्र याहून अधिक सांगत नाही. तिने नातवाला काय शिकवले, कोणत्या भाषेत शिकवले, कोणत्या वेळी शिकवले याचा पत्ता लागत नाही.

मात्र आपल्या काळातील एका आजीविषयी आपल्याला बरेच ठाऊक आहे. जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभा २०२१ सालापासून आजी-आजोबा व ज्येष्ठ नागरिकांचा दिवस म्हणून पाळते. संत योआकीम व संत अन्ना यांचा सण २६ जुलैला असतो, म्हणून हा रविवार निवडला गेला. हा दिवस सुरू करणारे पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. आपली श्रद्धा कुणाकडून आली हे ते उघडपणे सांगत असत: आजीकडून! त्या आजीचे, रोझा बेर्गोलिओ यांचे जीवन आज आपण पाहू या.

रोझा वासालो यांचा जन्म १८८४ साली उत्तर इटलीत झाला. १९०७ साली तूरीन शहरात जोव्हान्नी बेर्गोलिओ यांच्याशी त्यांचे लग्न झाले व पुढल्या वर्षी मुलगा मारियो जन्मला. पुढे हे कुटुंब आस्ती गावी छोटे दुकान चालवू लागले. रोझाबाई दुकान आणि घर सांभाळून 'कॅथलिक अ‍ॅक्शन' या प्रापंचिकांच्या चळवळीत काम करीत, गावोगावी जाऊन भाषणे देत. ते मुसोलिनीचे दिवस होते. फॅसिस्टांना चर्चची माणसे उघडपणे बोललेली खपत नसत. एकदा त्यांच्या भाषणाचे सभागृहच बंद करण्यात आले, तेव्हा बाईंनी रस्त्यात टेबल मांडले, त्यावर उभ्या राहिल्या आणि भाषण केले. आजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली मूर्ती येते. जपमाळ रोझाबाईंच्याही हाती होतीच. पण ती हाती असलेली बाई टेबलावरही चढू शकते, हे आपल्या महिला मंडळांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जोव्हान्नींचे भाऊ आधीच अर्जेंटिनात गेले होते. त्यांच्याकडे जायचे ठरले आणि 'प्रिन्सिपेसा माफाल्दा' या जहाजाची तिकिटे काढली गेली. पण येथली मालमत्ता वेळेत विकली गेली नाही आणि ती फेरी हुकली. ऑक्टोबर १९२७ मध्ये ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाले. तीनशेहून अधिक माणसे दगावली. बेर्गोलिओ कुटुंब त्यानंतर १९२९ च्या सुरुवातीला दुसऱ्या जहाजाने ब्युनोस आयर्सला उतरले. विषुववृत्ताच्या खाली तेव्हा ऐन उन्हाळा असतो. त्या उकाड्यात रोझाबाई कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर असलेला जाड कोट घालूनच बंदरावर उतरल्या, कारण दुकान विकून आलेले सारे पैसे त्या कोटाच्या अस्तरात शिवलेले होते.

ते पैसे फार दिवस पुरले नाहीत. मंदीत भावांचा धंदा १९३२ साली बुडाला. एका सालेशियन धर्मगुरूंच्या ओळखीने दोन हजार पेसो कर्जाऊ मिळाले, त्यातून ब्युनोस आयर्समध्ये किराणा दुकान निघाले आणि हिशेबनीस असलेला मुलगा मारियो टोपली घेऊन घरोघर माल पोहोचवू लागला. तेव्हा रोझाबाई पन्नाशीला टेकल्या होत्या. परका देश, परकी भाषा, पुन्हा शून्यातून सुरुवात.

नातू होर्खे १७ डिसेंबर १९३६ रोजी जन्मला. नाताळच्या दिवशी त्याचा स्नानसंस्कार झाला आणि धर्ममाता झाली ती ही आजीच. तो तेरा महिन्यांचा असताना दुसरे बाळ आले. आईचे हात भरलेले! मग आजी रोज सकाळी येई, होर्खेला आपल्या घरी नेई आणि दुपारी परत आणून सोडी. आजी-आजोबांचे घर जवळच होते. या रोजच्या येण्याजाण्यातूनच सारे घडले. आजी-आजोबा एकमेकांशी पिएमोन्तेझ या आपल्या गावाकडच्या बोलीत बोलत. नातवाने ती बोली उचलली, त्याच बोलीच्या घरात तो प्रार्थना शिकला आणि एका प्रसिद्ध इटालियन कादंबरीची सुरुवातही आजीने त्याच्याकडून पाठ करून घेतली. पवित्र शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्यांची मिरवणूक निघे. शेवटी मृत ख्रिस्ताची मूर्ती येई तेव्हा आजी मुलांना गुडघे टेकायला लावी आणि सांगे की हा मेला आहे, पण उद्या उठणार आहे. पुनरुत्थानावरचे पहिले प्रवचन पोप फ्रान्सिस यांनी असे रस्त्याच्या कडेला ऐकले. १८ मे २०१३ रोजी, पेन्टेकोस्टच्या आदल्या रात्री, त्यांनी ही आठवण सर्वांना सांगितली होती.

आणखी एक आठवण ते सांगत. चार-पाच वर्षांचे असताना मुक्तिफौजेच्या दोन बाया रस्त्यात दिसल्या. डोक्यावरची टोपी पाहून नातवाने विचारले, या सिस्टर आहेत का? आजीने सांगितले की त्या प्रोटेस्टंट आहेत, पण चांगल्या आहेत. त्या काळी कॅथलिक घरांतून प्रोटेस्टंटांविषयी बरे बोलले जात नसे. धर्मज्ञान नसलेली म्हणून आपण ज्यांना बाजूला सारतो त्या आज्यांची समज कधी कधी ग्रंथांच्या पुढे असते. मेलेल्याच्या कफनाला खिसे नसतात, हेही आजीचेच म्हणणे. २०१३ साली झावळ्यांच्या रविवारी परमगुरुस्वामी म्हणून केलेल्या प्रवचनात फ्रान्सिस यांनी ते आजीच्या नावाने सांगितले.

आता आपल्या वसईकडे वळू या. आईबाबा सकाळची लोकल पकडून मुंबईला गेले की मूल आजीच्याच पदरात असते. रोझाबाईंची ती सकाळ ते दुपार आपल्याकडे तर संध्याकाळपर्यंत लांबते. वेळ भरपूर आहे. पण आजी सामवेदीत किंवा वाडवळीत बोलते, मूल इंग्रजी शाळेत जाते आणि काही घरांत आजीला ताकीद दिलेली असते की मुलाशी आपल्या बोलीत बोलू नका, त्याचे इंग्रजी बिघडेल. मग आजी गप्प बसते. टीव्ही बोलतो. ज्या भाषेत तिला देवाशी बोलता येते ती भाषाच तिच्याकडून काढून घेतली तर ती नातवाला प्रार्थना कोणत्या तोंडाने शिकवणार? मोडक्या इंग्रजीत म्हटलेली 'हेल मेरी' तिचीही नसते आणि मुलाचीही होत नाही. आमच्या मते शाळेचे इंग्रजी शाळा सांभाळील. घरातील बोली सांभाळायला आजीशिवाय कोणी नाही. जगाच्या सर्व भाषांतील भाविकांचा मेंढपाळ झालेला माणूस आजीच्या गावठी बोलीत वाढला होता, हे त्या ताकीद देणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

होर्खेने धर्मगुरू व्हायचे ठरवले तेव्हा त्याच्या आईला ते पटायला फार दिवस लागले. आजीने मात्र आशीर्वाद दिला. देवाने बोलावले असेल तर जा, पण या घराचे दार तुला नेहमी उघडे आहे आणि परत आलास तर कोणी बोल लावणार नाही, अशा अर्थाचे ती बोलली. नातू धर्मगुरू व्हावा ही पुष्कळ आज्यांची इच्छा असते. परतीचे दार आधीच उघडे ठेवणारी आजी विरळा. ज्यांच्या घरातील मूल सेमिनरीतून किंवा कॉन्व्हेंटमधून परत आले आहे, त्यांना या वाक्याचे मोल अधिक कळेल.

आपण गुरुदीक्षेपर्यंत जगू की नाही याची खात्री नसल्याने रोझाबाईंनी १९६७ सालीच एक पत्र लिहून ठेवले, अर्धे स्पॅनिश, अर्धे पिएमोन्तेझ. १३ डिसेंबर १९६९ रोजी गुरुदीक्षा झाली तेव्हा त्या हयात होत्या आणि पत्र हातात देता आले. नातवंडांसाठीही त्यांनी एक मृत्युपत्र लिहिले. त्यात घर नाही, जमीन नाही. नातवंडांना सुखी व दीर्घ आयुष्य लाभो असे म्हणून त्या सांगतात की कधी दुःखाचा, आजाराचा, जिवलगाच्या वियोगाचा दिवस आला तर पवित्र मंजुषेसमोर सोडलेला एक सुस्कारा आणि क्रूसाखाली उभ्या असलेल्या मरियामातेकडे टाकलेली एक नजर खोल जखमेवरही मलमाचा थेंब ठरते.

शेवटची वर्षे रोझाबाई सिस्टरांनी चालवलेल्या वृद्धाश्रमात होत्या. नातू तेव्हा येशूसंघाचा अर्जेंटिनातील प्रमुख होता. १ ऑगस्ट १९७४ रोजी त्या वारल्या, तेव्हा तो त्यांच्या जवळ होता. ते मृत्युपत्र त्याने आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले आणि परमगुरुस्वामी झाल्यावरही ते तेथेच होते.

आपल्या आज्यांपैकी बऱ्याच जणींना लिहिण्याची सवय नाही. पण सांगता सगळ्यांना येते. या आठवड्यात एका संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेनंतर नातवंडांपैकी कोणी वही घेऊन आजीजवळ बसावे. तिचे लग्न कसे झाले, वाईट दिवसांत तिने कोणती प्रार्थना म्हटली, आळीतल्या कोणाच्या बाळंतपणाला किंवा मयताला ती रात्रभर बसली, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शब्द शुद्ध करू नयेत. खाली तारीख घालावी आणि आजीची सही किंवा अंगठा घ्यावा.