वेदनाशामकजन्य त्वक्‌विकार : पर्याय निवडताना

वेदनाशामक गोळीने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा त्वचेवर काळसर डाग पडला, की रुग्ण "आता आयुर्वेदिकच द्या" म्हणून आपल्याकडे येतो. आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हे त्याचे गृहीत असते. पुष्कळदा आपलेही असते.

नागपुरातील आमच्या चिकित्सालयात ॲस्पिरिनने शीतपित्त उठणाऱ्या एका रुग्णेस गुडघेदुखीसाठी आम्ही तयार वेदनाहर तेल दिले. दुसऱ्याच दिवशी गांधी पुन्हा उठल्या. वेष्टनावर 'गंधपुरा तैल' हा घटक स्पष्ट छापलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता. गंधपुरा तैलाचा मुख्य अंश मिथिल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच कुळातला. चूक तेलाची नव्हती, आमची होती.

या अनुभवावरून आम्ही पुढील क्रम पाळतो.

१. पूर्ववृत्त : औषधाचे नाव, पहिल्या मात्रेचा दिवस व लक्षणांपर्यंतचे अंतर लिहून घ्यावे. शीतपित्त बहुधा काही तासांत उठते. गंभीर विकार काही आठवड्यांनीही प्रकटतात. दर वेळी त्याच जागी डाग येणे हे औषधजन्यतेचे ठळक लक्षण होय. हा अनुपशय रुग्णपत्रिकेवर ठळक नोंदवावा. खात्रीसाठी तेच औषध पुन्हा देऊ नये.

२. पर्याय : त्वचा पूर्ववत झाल्यावर वालुकास्वेद, निर्गुंडीपत्रांची पोट्टली, साधे तिळतेल, आभ्यंतर शल्लकी अथवा रास्ना-एरंडमूळ क्वाथ. एका वेळी एकच द्रव्य सुरू करावे, म्हणजे प्रतिक्रिया आल्यास कारण कळते. गुग्गुळानेही काहींना पुरळ येते. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला बिबा तर स्वतःच फोड आणतो. तो येथे वर्ज्य.

३. मर्यादा : ताप, डोळ्यांची आग, मुखपाक, त्वचा दुखणे वा सुटणे यांपैकी काही दिसताच संशयित औषध थांबवून रुग्णास त्वरित 'मेडिकल'सारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तेथे लेप किंवा शोधन करण्यात वेळ दवडणे जिवावर बेतू शकते. सिकलसेलच्या तीव्र वेदनेतही रुग्णास केवळ काढ्यावर ठेवू नये. पूर्ववृत्ताच्या नोंदीसह तज्ज्ञाकडे पाठवावे.

४. औषधालय : सुटी, बिननावाची 'वातनाशक' चूर्णे ठेवू नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइड व आधुनिक वेदनाशामकांची भेसळ आढळलेली आहे. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास मागितल्या जाणाऱ्या मेफेनामिक ॲसिडविषयी भारतीय औषधसंहिता आयोगाने 2023 मध्ये 'ड्रेस' या गंभीर प्रतिक्रियेबाबत सावध केले होते. गोळी देण्यापूर्वी "पूर्वी कशाने अंगावर उठले होते का?" एवढे विचारावे.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीची राष्ट्रीय योजना 2018 पासून आहे. आपल्या औषधाने त्रास झाला, तर तोही तेथे कळविण्यास संकोचू नये. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. ते निदान आपल्याच बाटलीत नाही ना, हे प्रथम पाहावे.